अडीनडीचा पाना

कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूला जागा असावी आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागेवर असावी, असं एक वाक्य कुठूनसं माझ्या डोक्यात शिरलं आणि त्याने चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रात चाळीस बिऱ्हाडांच्या तोंडचं पाणी पळवलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखरचं पाणी. नळाचं.

मी तेव्हा भिवंडीच्या बाहेर, आग्रा रोडला लागून असलेल्या एका कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होतो. सगळं सुरळीत चालू असताना ज्याला कुणी ओळखत नाही आणि काही बंद पडलं की ज्याच्याकडे सगळे एकदम बघतात, तो मेंटेनन्स इंजिनिअर. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांना मी हे जरा सविस्तर समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे दुरुस्तीवाले." तो शब्द मला आजही लागतो.

तर जागेवर वस्तू. मी प्लायवूडचा एक मोठा फळा करून घेतला, पांढरा रंगवला आणि त्यावर कारखान्यातल्या प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढून घेतली. पाना काढून नेला की त्याची काळी आकृती उघडी पडते आणि काय गायब आहे ते लांबून दिसतं. कल्पना उत्तम होती. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. आमचा हेड फिटर सावळाराम हा पडघ्याकडचा, कारखान्याचा पाया खणला तेव्हापासून इथे असलेला माणूस. तो फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "झ्याक झालंय साहेब. पण काम करताना हत्यार हातात असतं, भिताडावर न्हाय."

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

फळा भरल्यावर लक्षात आलं की रजिस्टरात एकशे तेरा हत्यारं आहेत आणि फळ्यावर एकशे आठ. पाच आकृत्या रिकाम्या. मला रात्री झोप लागेना. आमची ही म्हणाली, "अहो, एखादा माणूस हरवल्यासारखं काय करताय?" तिला फळ्याचं महत्त्व कधीच कळलं नाही. शेवटी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बॉयलरच्या मागच्या कट्ट्यावर, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, मला गोणपाटाचं एक गाठोडं सापडलं. आत एक मोठा पाइप पाना, दोन साधे पाने, हातोडी आणि पेचकस. पाचही. तेलाचा हात फिरवून स्वच्छ ठेवलेले.

"सावळाराम, हे काय?"

"ती तेवढी राहू द्या साहेब. ती पूजेतली न्हायत."

"पूजेतली नाहीत म्हणजे? मग कुणाची आहेत?"

"अडीनडीची हायत."

आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि पूजेत ठेवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नसतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण पूजेच्या दिवशी काही मोडलं तर वेळेला असावं म्हणून हा गृहस्थ वर्षानुवर्षं पाच हत्यारं देवापासून लपवून ठेवत होता! मला धक्काच बसला. मी त्याला तिथेच, बॉयलरच्या आडोशाला, प्रामाणिकपणावर दहाएक मिनिटं ऐकवलं. म्हटलं, माणसाला फसवलेलं एक वेळ चालेल, देवाला फसवता? आणि माझ्या फळ्याला? यंदा एकशे तेराच्या एकशे तेरा हत्यारं पूजेत असतील आणि दसऱ्यापर्यंत एकालाही कुणी हात लावणार नाही. एवढ्यावर न थांबता मी तशी नोटीस टाइप करून घेतली, खाली सही केली आणि फळ्याशेजारी डकवली.

सावळाराम "बरं" म्हणाला. नुसतंच "बरं". अनुभवी माणूस नुसतंच "बरं" म्हणतो तेव्हा आपण जरा थांबून विचार करावा, हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी सगळा कारखाना धुऊन काढायला लावला. फरशा, मशिनं, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं. दोन तास पाइप धरून माणसं उभी होती. वरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलं, पण मी म्हटलं, पूजा झाली की पंप चालू करू, अर्ध्या तासात भरेल. मग चौरंगावर हत्यारं मांडली. मधोमध, सगळ्यांत पुढे, तो अडीनडीचा पाइप पाना, त्यावर झेंडूचा हार. हे मी मुद्दाम केलं होतं. शेठ मुंबईहून गाडीने आले, त्यांनी नारळ फोडला, "एकदम फर्स्ट क्लास, इंजिनिअरसाब" म्हणाले आणि पेढा तोंडात टाकून परत गेले. कामगारांना सुट्टी झाली. मी खुर्चीत मागे रेलून फळ्याकडे पाहिलं. तो सगळा रिकामा होता आणि तरी एकही वस्तू हरवलेली नव्हती. अशी तृप्ती मला लग्नातही वाटली नव्हती.

जाता जाता सावळारामने मला दुसऱ्या दिवसाचं आवतण दिलं. त्याची लेक काशी बाळंतपणाला माहेरी आली होती, पहिलाच मुलगा झाला होता, आणि दसऱ्याच्या दिवशी बारसं. पडघ्याहून काशीच्या सासरची पंचवीस माणसं सकाळच्या गाडीने यायची होती. "बाईंना घेऊन या साहेब. गोडाचं जेवण हाय," तो म्हणाला. त्याचा चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी एक वाजता फाटकावर आक्का आली.

कारखान्याच्या भिंतीला बाहेरून एक नळ होता आणि समोरच्या चाळीतली चाळीस बिऱ्हाडं त्यावर पाणी भरत. आमचं आणि सावळारामचंही त्यातलंच. चाळीच्या मागे विहीर होती, पण ती खाडीच्या अंगाची, पाणी असं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. म्हणजे खरी मदार नळावर. आणि नळाचा कारभार आक्काकडे. कुणाचा हंडा आधी आणि कुणाचा नंतर, यावर तिचा शब्द शेवटचा. शेठसुद्धा तिच्याशी जपून बोलत.

"इंजिनेरसाहेब, नळाला पानी न्हाय," आक्का म्हणाली.

"येईल हो. आत्ता पंप चालू करतो."

मी ऐटीत पंपघरात गेलो आणि हिरवं बटण दाबलं. मोटर फिरली. चांगली, गुणगुणत फिरली. पाणी मात्र टाकीत एक थेंब पडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी मोटर बंद केली, चालू केली, बंद केली. शास्त्रीय दृष्ट्या याला काही अर्थ नसतो, पण सगळे इंजिनिअर हेच करतात. तोवर निम्मी चाळ पंपघराच्या दारात गोळा झाली होती. कुणीतरी सावळारामला घरून बोलावून आणलं. तो धुतलेला सदरा घालून आला, हात पाठीमागे बांधले, वाकला आणि कारखान्याच्या गोड्या विहिरीतून येणाऱ्या पाइपाला कान लावला.

"हवा ओढतो," तो म्हणाला. "हितं, सांध्यात. आतलं रबराचं वायसर गेलंय. चार नट खोलायचं, नवं वायसर घालायचं, आवळायचं, पंपात बादलीभर पानी भरायचं आणि बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम."

"मग करा ना!"

"कशानं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी चौरंगाच्या दिशेने बघू लागलो. पाइप पाना हळदीकुंकू लावून, हार घालून शांतपणे पडला होता, आणि शेजारी माझी सही.

"विहिरीचं झाकण काढून दोराने पाणी शेंदू," मी म्हणालो.

"झाकण तुमीच बसवलंय साहेब, उन्हाळ्यात. सेप्टी म्हणून. चार नटांनी आवळलंय. त्याला पन पाना लागंल."

त्यानंतर सल्ल्यांना तोंड फुटलं. चाळीच्या जागेचा मालक केसरीनाथ, पान चघळत सगळीकडे वेळेवर हजर असणारा माणूस, म्हणाला की विहिरीला नारळ दिला नाही म्हणून ती रुसली. एक म्हातारी म्हणाली, पूजेच्या दिवशी बटण दाबलंच कसं? तिसऱ्या कुणी सुचवलं की दाताने फिरवून बघा. आणि आक्का कुणाला उद्देशून नाही अशा बेताने म्हणाली, "मागचा इंजिनेर बरा व्हता. त्याला काय बी येत नव्हतं, म्हनून तो कशाला हात लावत नव्हता."

एवढ्यात सावळारामची बायको गोदूबाई गर्दीतून पुढे आली. तिने त्याला विचारलं, "मंग उद्याचं कसं? पंचवीस मानसं येनार. डाळ कशात शिजवू? खाडीच्या पान्यात? पोरीच्या सासूला खारं वरान वाढू?" सावळाराम खाली बघत राहिला. "सांगा की. तुमी हेड फिटर ना?" मी त्याला म्हटलं, "सावळाराम, आपद्धर्म म्हणून एक पाना उचला. मी नोटीस काढून टाकतो." तो म्हणाला, "नोटीस तुमी लावली, तुमी काढाल. पूजा माज्या बापापासनं हाय. तुमी उचला साहेब. तुमी ठेवला, तुमी घ्या."

मी कॉलेजात असताना देव नाही यावर वादविवाद स्पर्धेत दुसरा नंबर मिळवलेला माणूस आहे. मी तडक चौरंगापाशी गेलो. हात पुढे केला. पाइप पान्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि माझा हात काही पुढे जाईना. मागून आमची ही हलक्या आवाजात म्हणाली, "खबरदार." मला फार बरं वाटलं, कारण त्यामुळे मला परत फिरायला सबब मिळाली.

घड्याळात दोन वाजले होते. त्या वर्षी वीजकपात होती आणि आमच्या बाजूची वीज संध्याकाळी सहाला बरोबर जायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा यायची. म्हणजे चार तास. मी सायकल काढली.

आधी केसरीनाथच्या घरी. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला केळीचे खुंट बांधले होते आणि पान्यांची पेटी समोर उदबत्तीच्या धुरात बसली होती. "नेली असती हो," केसरीनाथ म्हणाला, "पण म्हातारी बघतेय." मग हायवेवरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे जॅकला जास्वंद. सायकलवाल्याकडे पंपालासुद्धा हार. त्या दिवशी भिवंडीत नट सैल करता येईल असं एकही हत्यार मोकळं नव्हतं, आणि हे सारं गाव गेली कित्येक वर्षं या एका दिवशी कशाच्या जोरावर उभं राहत होतं ते माझ्या हळूहळू ध्यानात येऊ लागलं. ज्याच्या-त्याच्या घरी एक गोणपाट होतं. ते कुणी उसनं देत नव्हतं आणि कबूलही करत नव्हतं.

म्हणून मी टँकर मागवायचा ठरवला. पाणीखात्याच्या कचेरीत एक कारकून एकटेच बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हळहळले, कागद दिला, अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. मी तीन प्रती लिहिल्या. त्यांनी त्या वाचून एक काना दुरुस्त केला.

"आता पोच द्या," मी म्हणालो.

"पोच कशी देऊ?" त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पाटावर टाइपरायटर, दौत आणि रबरी शिक्का, तिघांना गंधफूल. "शिक्का पूजेत आहे."

"मग शिक्क्याशिवाय टँकर पाठवा."

"पाठवला असता हो. पण टँकरचीही पूजा झालीय."

मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. त्यांनी मला पेढा दिला.

परतताना नाल्याच्या पुलावर मी सायकल थांबवून उभा राहिलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. नोकरीची मला काळजी नव्हती, शेठना हे कळणारही नव्हतं. पण उद्या त्या पोराच्या बारशाला खारट वरण वाढलं जाईल आणि सावळाराम माझ्याबद्दल एक शब्दही वावगं बोलणार नाही, हे मला सहन होईना. तेवढ्यात कानावर खडखड आली. पॉवरलूमची. सगळी भिवंडी थंड पडलेली आणि नाल्यापलीकडच्या एका शेडमध्ये लूम चालू होते! मी सायकल तशीच पुढे दामटली.

शेडमध्ये कान फाटतील असा आवाज. रामदुलारे मिस्त्री नावाचा बनारसकडचा उंच, शांत माणूस एकटा चोवीस लूमवर नजर ठेवून होता, आणि त्याच्या कमरेला पाना खोचलेला होता. पाना! मोकळा! न पुजलेला!

"आपके यहाँ पूजा नहीं है?" मी ओरडून विचारलं.

"हमारा बिसकरमा पूजा तो कब का हो गया, साहेब," तोही ओरडला. "पिछले महीने. ई सब तो आप लोगों का है."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. देवाने एकाच कामासाठी दोन प्रांतांना दोन वेगळे दिवस का नेमून दिले, याचं कारण मला त्या शेडमध्ये कळलं. मी घाईघाईने सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, तुम्हीच चला. तो म्हणाला, शिफ्टवर एकटा आहे, लूम सोडून येता येणार नाही. मग पाना द्या. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आप क्या काम करते हैं?"

"इंजीनियर हूँ."

"तब तो मुश्किल है," तो म्हणाला. "इंजीनियर लोग पाना ले जाते हैं, लौटाते नहीं. साइकिल रख जाइए."

अशा रीतीने माझी सायकल रामदुलारेकडे जामीन राहिली आणि मी दीड हात लांबीचा पाइप पाना खांद्यावर टाकून, दुसरा पाना खिशात घालून, भर रस्त्याने पायी निघालो. वाटेत शेठचे मुनीम भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही. मला वाटतं मुद्दामच.

पंपघरात पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. मी विजयी मुद्रेने पाना सावळारामपुढे धरला. "घ्या! याची पूजा झालेली नाही. विश्वकर्म्याची झालीय, पण ती मागच्या महिन्यात."

सावळारामचे हात पाठीमागेच होते. "हत्यार मोकळं हाय साहेब. पन हात माजे मोकळे न्हायत. फिटरचा हात बी हत्यारच हाय. यंदा त्यो बी सुट्टीवर."

"मग कोण करणार?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. चाळही माझ्या हाताकडे बघू लागली. माझ्या हातांनी तोवर फक्त ड्रॉइंगं काढली होती, सह्या केल्या होत्या आणि इकडे-तिकडे बोट दाखवलं होतं. पाना मी फळ्यावर पुष्कळ वेळा टांगला होता, नटावर कधी लावला नव्हता.

मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. आमची ही घरात जाऊन माझं दाढीचं ब्लेड घेऊन आली, कारण कात्रीही पूजेत होती, आणि स्टोअरमधल्या रबराच्या तुकड्यातून तिने पाइपाच्या मापाचं गोल वायसर कापलं. मी खाली उकिडवा बसलो. सावळाराम माझ्या डोक्यापाशी उभा राहिला.

"पयला नट खोला. तिकडं न्हाय. तुमच्या न जेवत्या हाताकडं. जोर लावा. जोर म्हंजी खांद्याचा, तोंडाचा न्हाय." तोंड वेडंवाकडं केल्याने नट फिरत नाही, हे मला नवीन होतं. पहिल्या नटाला माझ्या अंगठ्याचं सालपट गेलं. दुसऱ्याला पाना सटकला आणि मी मागे, नेमका आक्काच्या हंड्यावर आदळलो. "हंड्याला पोचा आला तर नवीन घ्यावा लागंल," ती म्हणाली. मला लागलं का, हे तिने विचारलं नाही. तिसरा, चौथा. घामाने माझा सदरा अंगाला चिकटला. जुनं वायसर निघालं, नवं बसलं, आणि मी एकेक नट जीव खाऊन आवळला.

"आता पंपात पानी भरा," सावळाराम म्हणाला.

पाण्याचा पंप चालू व्हायला आधी त्याला पाणी पाजावं लागतं. चाळीतल्या बायकांनी तळाशी राहिलेलं तांब्या-तांब्या पाणी आणून एक बादली जमवली. मी ती पंपात ओतली आणि बटण दाबलं. मोटर गुणगुणली. सांध्यातून चर्रर आवाज झाला, वायसर एका बाजूने जिभेसारखं बाहेर आलं आणि बादलीभर पाणी जमिनीवर पसरलं.

"एक बाजू पुरी आवळून मंग दुसरी आवळली तुमी," सावळाराम म्हणाला. "समोरासमोरचं नट थोडं थोडं आवळायचं असतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं इंजिनेरला ठावं असंल."

ठाऊक होतं हो. परीक्षेत लिहिलं होतं. आकृतीसह. चार मार्क होते.

साडेपाच झाले होते. आमच्या हिने दुसरं वायसर कापलं. मी पुन्हा नट खोलले. या वेळी थोडं इकडचं, थोडं समोरचं, पुन्हा इकडचं. सावळाराम नुसता "हां… हां…" करत होता आणि त्या "हां"साठी मी जीव टाकत होतो. हाताला दोन फोड आले, त्यातला एक फुटला. काम झालं तेव्हा सहाला दहा कमी होते. आता पंपात भरायला पाणी हवं. चाळीत कुणाकडे थेंब नव्हता. चाळीमागच्या विहिरीवरून खारं पाणी शेंदून आणायला पाव तास.

गोदूबाई वळली आणि घरात गेली. बाहेर आली ती तांब्याची घागर घेऊन. फडक्याने झाकलेली.

"बाळाच्या अंघोळीचं हाय," ती म्हणाली. "सकाळच्या. तेवढंच ठेवलं व्हतं."

मी म्हटलं, "वहिनी, नको. पुन्हा फुकट गेलं तर?" तिने सावळारामकडे पाहिलं. तो पुन्हा वाकला, हात पाठीमागेच ठेवून, आणि त्या सांध्याकडे नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. मग सरळ झाला आणि बायकोला म्हणाला, "ओत. आवळलंय त्यानं बरूबर."

मी घागर पंपात रिकामी केली. झाकण लावलं. बटण दाबलं. मोटर गुणगुणली, मग तिचा आवाज जड झाला, घोगरा झाला, पाइप थरथरला, आणि वर टाकीत धो धो पाणी पडल्याचा आवाज आला. पंपघरात एकदम गिल्ला झाला. आक्का पळत नळाकडे गेली आणि नंबर लावू लागली, "आधी गोदू! आधी गोदूचा हंडा! बाकी मागं व्हा!" सहाला वीज गेली तेव्हा टाकी पाव भरली होती. चाळीस बिऱ्हाडांच्या सणाला तेवढी पुरली. केसरीनाथने सगळ्यांना सांगितलं की मधल्या वेळात त्याने विहिरीला नारळ दिला होता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पाना परत करून सायकल सोडवून आणली. रामदुलारेने पाना उलटसुलट करून बघितला, "पहला इंजीनियर है," असं स्वतःशीच म्हणाला आणि मला चहा पाजला. मग मी आणि आमची ही नवे कपडे घालून बारशाला गेलो.

माझ्या दोन्ही तळव्यांना हळद लावून आमच्या हिने धोतराची चिंधी बांधली होती. पडघ्याची मंडळी ओटीवर बसली होती. बाळ काशीच्या मांडीवर झोपलं होतं, नुकतीच अंघोळ झालेलं, टाळूला तेल चोपडलेलं. आतून वरणाचा वास येत होता. डाळ छान शिजली होती. गोदूबाईने मला सगळ्यांच्या आधी पान मांडलं. मी एवढा सुखात क्वचितच कधी जेवायला बसलो असेन.

काशीच्या सासऱ्यांनी माझ्या चिंध्या पाहिल्या आणि सावळारामभाऊंना विचारलं, "हे कोन पावनं?"

"हे व्हय?" सावळारामभाऊ म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमच्या कारखान्यातलं फिटर."

"नवीन दिसतंय."

"हां. पन हात चांगला हाय. बसंल हळूहळू."

सासरे माझ्याकडे वळले. मी इंजिनिअर होतो, बी. ई. होतो, माझ्या हाताखाली अकरा माणसं होती, आणि हे सगळं नीट समजावून सांगायला माझी मुळीच हरकत नव्हती. आमची ही पदर तोंडाला लावून बघत होती, आता मी काय म्हणतो म्हणून.

"हो," मी म्हणालो. "कालच लागलो."